कोल्हापुरात शिकायला येताय? खोली, मेस आणि पहिला पावसाळा

कोल्हापुरातली माझी पहिली खोली मी भाडं बघून घेतली आणि पाच महिन्यांत सोडली. मालकांनी दाखवली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. छान ऊन होतं, खिडकीतून वारा येत होता. पाणी सकाळी पावणेसहाला येतं, तासाभरात जातं आणि तेवढ्यात चार खोल्यांतल्या अकरा पोरांना एकाच मोरीत आंघोळ उरकायची असते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. वर पत्रा होता. जुलैत तो असा वाजायचा की शेजारच्या कॉटवरचा काय बोलतोय ते ऐकू यायचं नाही. भाड्यात वाचवलेले पैसे बाहेरच्या चहात आणि अभ्यासिकेच्या फीत गेले.

तेव्हापासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. खोली बघू नका, तिथला दिवस बघा. सकाळी पाणी किती वाजता, जेवण कुठे, विभागात जायला किती वेळ, रात्री परतताना रस्त्यावर दिवे आहेत का, पावसात काय होतं. एवढ्याची उत्तरं पटली की भाड्याकडे वळा.

आधी वसतिगृह, मग खोली

सांगली-सातारच्या दुष्काळी तालुक्यांतून, कोकणातून, निपाणी-बेळगावकडून पोरं कोल्हापूरला येतात ती आजची नाहीत. शाहू महाराजांनी १८९६ साली सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण बहुजन मुलं तिथे टिकेनात. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकात उभं राहिलं तर त्यातल्या काहींच्या इमारती आजही दिसतात. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहायचे. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला तयार झाले नाहीत, म्हणून त्यांना बोर्डिंगातून बाहेर काढलं, असं सांगतात. पुढे त्यांनीच १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि गावोगावच्या पोरांना वसतिगृहं दिली. तेव्हा हॉस्टेलच्या यादीत नाव नाही लागलं म्हणून लगेच खचू नका.

यादीत नाव लागावं यासाठी मात्र वेळेत हालचाल हवी. शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर विभागाला प्रवेश घेतला असेल, तर फी भरली त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज कुठे आणि कधीपर्यंत द्यायचा ते विचारून या. ‘उद्या बघू’ म्हणणारा इथे मागे राहतो. घरची परिस्थिती ओढगस्तीची असेल, तर कमवा आणि शिका योजनेची चौकशी त्याच फेरीत करा. रोज ठरावीक तास काम करायचं आणि त्यावर राहण्या-जेवणाचा भार हलका करायचा, अशी ही व्यवस्था आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझ्या वर्गातला सगळ्यात शिस्तीचा मुलगा तिथलाच होता, कारण त्याच्याकडे वाया घालवायला वेळच नसायचा.

त्याशिवाय सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथेही जागा मिळाली नाही, तर राहण्या-खाण्याचे पैसे थेट खात्यात देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. रकमा शहराप्रमाणे बदलतात आणि अटीही वरचेवर बदलतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय वाचूनच अर्ज भरा. एक गोष्ट मात्र आत्ताच लिहून ठेवा. खोली घेऊन राहणाऱ्याला यातल्या बहुतेक ठिकाणी भाडेकरार जोडावा लागतो. मालक करार करून देत नसेल, तर हजार रुपये स्वस्त पडलेली खोली तुम्हाला वर्षाच्या भत्त्याला मुकवू शकते.

मुलींनी आणखी एक समजून घ्यावं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. गावाकडे त्याचा अर्थ ‘सगळं फुकट’ असा पसरलाय. खोली, मेस, प्रवास घरच्यांनाच बघायचं आहे, हे त्यांना आधीच सांगा.

कुठल्या भागात राहायचं

विद्यापीठ शहराच्या पूर्वेला, उंचावर आहे. एसटी स्टँडपासून चार-पाच किलोमीटर. सायबर चौक, सागरमाळ, राजेंद्रनगर, शास्त्रीनगर, जवाहरनगर, प्रतिभानगर या पट्ट्यात विद्यार्थ्यांच्या खोल्या सापडतात. राजारामपुरीच्या गल्ल्या थोड्या महाग, पण मेस, झेरॉक्स, क्लास, दवाखाना सगळं हाताशी. सरनोबतवाडी, उजळाईवाडी या ग्रामपंचायतीच्या हद्दीत भाडं उतरतं. मात्र केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, फेऱ्या कमी पडतात आणि रात्री परतायला स्वतःची गाडी किंवा सायकल लागतेच.

खोली शोधायला कोणत्याही ॲपवर तासन्‌तास घालवू नका. इथे खोल्या तोंडी मिळतात. विभागातल्या सीनियरला विचारा, झेरॉक्सवाल्याला विचारा, सगळ्यात आधी मेसवाल्या मामींना विचारा. कुणाची परीक्षा संपली, कोण कधी गावाला चाललंय, कुठल्या मालकाचा स्वभाव तिरसट आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. एक अख्खा दिवस काढा, चपला झिजवा, गेटांवरच्या पाट्या वाचत फिरा. खोली न बघता, मालकाला न भेटता मोबाईलवर ॲडव्हान्स पाठवायचा नाही. समोरचा कितीही गोड बोलला तरी नाही.

आणि नकाशावर नदी कुठे आहे ते बघा. पंचगंगेला पूर येतो तेव्हा सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा या भागांत पाणी शिरतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी शिरलं. ताराबाई पार्ककडे किंवा कसबा बावड्याकडे कॉलेज असेल, तर त्याच बाजूला खोली घेणं सोयीचंच, फक्त शेजारच्या दुकानदाराला एक प्रश्न विचारा, “२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?” तो हाताने भिंतीवर खूण दाखवेल. मालक दाखवणार नाही.

खोली बघायला जाताना

दोनदा जा. एकदा दिवसा आणि एकदा सकाळी सहा-साडेसहाला. सकाळी गेलात की मोरीसमोरची रांग दिसते, टाकी भरते का दिसतं आणि तिथे राहणारी पोरं जागी असतात. मालक घरात गेला की त्यांना हळूच विचारा. “भावा, पाण्याचं काय?” एवढं विचारलं की पुढचं सगळं आपोआप बाहेर येतं.

पश्चिमेकडच्या भिंतीवर हात फिरवा. पाऊस तिकडूनच झोडपतो. चुना पोपडे धरून सुटत असेल, कपाटाच्या मागे काळसर ठिपके असतील, तर ऑगस्टमध्ये तुमच्या पुस्तकांना बुरशी धरणार. नुकताच रंग दिलेल्या खोलीत तर वासही घ्या. वर स्लॅब आहे की पत्रा, हे मान वर करून बघायला मी विसरलो होतो.

लाईट बिलाचं आधी स्पष्ट करून घ्या. महावितरणचं मीटर मालकाच्या नावावर असतं आणि खोल्यांना सबमीटर असतात. युनिटचा दर किती, जिन्यातला दिवा आणि पाण्याची मोटर कुणाच्या हिशेबात, हे बोलून घ्या आणि राहायला आल्याच्या दिवशी सबमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. मी काढला नव्हता. आधीच्या भाडेकरूचे चाळीस-पन्नास युनिट माझ्या डोक्यावर बसले.

‘कॉट बेसिस’ म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं. त्यात गादी येते का, कपाटाचा एक कप्पा तरी कुलपाचा मिळतो का, एक कॉट रिकामी झाली तर तिचं भाडं उरलेल्यांवर पडतं का, हे विचारा. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि दिवाळीनंतर भांडण त्यावरूनच होतं.

मुलींसाठी आणखी दोन गोष्टी. मालकीण त्याच इमारतीत राहते का, आणि गेट किती वाजता बंद होतं. लायब्ररीतून किंवा क्लासहून परतायची वेळ आणि गेटची वेळ यांचा मेळ बसत नसेल, तर खोली कितीही देखणी असली तरी रोजची कटकट ठरलेली. संध्याकाळी साडेसातला त्या रस्त्याने एकदा चालत जाऊन बघा. सोबत आईला न्या. मालकिणीशी पाच मिनिटं बोलली की तिला जे कळतं ते आपल्याला महिनाभरात कळत नाही.

करार: अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागते

‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणीची गरज नसते’, हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे; न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

हे सगळं मालकाच्या तोंडावर फेकायला सांगत नाहीये. काका म्हणूनच बोला. “काका, भत्त्याच्या अर्जाला करार लागतोय, खर्च आम्ही निम्मा उचलतो” असं म्हटलं की बरेच जण तयार होतात. खर्च वाटतो तेवढा नसतो. समजा तिघांनी मिळून सहा हजारांची खोली घेतली, अनामत वीस हजार. अकरा महिन्यांचं भाडं ६६ हजार, त्यात अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. होतात जेमतेम १७० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. म्हणजे राजेंद्रनगरपेक्षा सरनोबतवाडीत पाचशे कमी. ऑनलाइन नोंदणी करून देणारा माणूस वर त्याची मजुरी घेतो, ती आधी ठरवा.

करारात चार गोष्टी शब्दांत असू द्या. अनामत किती आणि किती दिवसांत परत, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, विजेचा दर, आणि रंगाचे पैसे कापणार की नाही. अनामत रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि शेऱ्यात ‘खोली अनामत’ असं लिहा. मालक पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्यासाठी आधार आणि फोटो मागेल. ते रीतसर आहे, घाबरायचं कारण नाही. आधारच्या प्रतीवर मात्र ‘फक्त भाडेकरू नोंदीसाठी’ असं तारखेसह आडवं लिहून सही करा.

मेस, डबा आणि खाडे

भांडणं खोलीवरून कमी आणि मेसवरून जास्त होतात, हा माझा अनुभव. पहिला महिना कुठेच आगाऊ भरू नका. आठ-दहा दिवस वेगवेगळ्या ठिकाणी जेवून बघा. पहिल्या दिवशीची भाजी बघून काही कळत नाही. गुरुवारची बघा, आठवड्याचा बाजार संपत आलेला असतो तेव्हाची. चपात्या मोजून की पोटभर, रविवारी संध्याकाळी बंद असते का, मांसाहार आठवड्यातून किती वेळा आणि त्याचे पैसे वेगळे का, हे विचारून घ्या. कोल्हापुरात ‘रस्सा पोटभर’ असं म्हणतात तेव्हा तो खरंच पोटभर असतो, पण आठवड्यातून दोनदा तांबडा-पांढरा ओरपून तिसऱ्या आठवड्यात पित्ताच्या गोळ्या शोधणारे बाहेरगावचे पुष्कळ पाहिलेत.

खाड्यांचा नियम लिहून घ्या. किती दिवस सलग गेलात तर खाडा धरणार, किती आधी सांगायचं, आणि दिवाळीची सुट्टी त्यात येते का. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मामी खाडे मांडतात. आपणही आपल्या मोबाईलवर मांडायचे. महिनाअखेरीला दोन्ही जुळले की वाद संपला.

माझा रूम पार्टनर भुदरगडचा. त्याचा डबा एसटीने यायचा. सकाळी सहाला त्याची आई गावच्या थांब्यावर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये कापडी पिशवी ठेवायची, पिशवीवर लाल दोऱ्याने त्याचं आडनाव टाचलेलं. नऊच्या सुमारास आम्ही स्टँडवर जाऊन ती उचलायचो आणि कालचा रिकामा डबा त्याच गाडीत परत ठेवायचो. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, त्यांच्या मध्ये दडपलेली मेथी किंवा वांगं, कागदात बांधलेला ठेचा. भाकरी खालच्या बाजूने ओलसर झालेली असायची, पण तीच आधी संपायची. एखाद्या दिवशी गाडी बंद पडली की दोघंही मेसवर. गाव एका एसटीच्या अंतरावर असेल, तर ही सोय अजून लावून बघण्यासारखी आहे. ड्रायव्हर-कंडक्टरशी वडिलांनी एकदा बोलून ठेवायचं.

गाव खरंच जवळ असेल, तर खोलीच घ्यायची का याचाही हिशेब मांडा. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६६ टक्के सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकीटच निम्मं. तासाभराच्या आतला प्रवास असेल तर पहिलं सत्र ये-जा करून काढा आणि निवांत खोली शोधा. तासाच्या वर मात्र नको. प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची गाडी निघून जाते आणि मग वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी जीप.

खोलीत चहा-मॅगीपुरता गॅस हवा असेल, तर पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मालकाला विचारून घ्या आणि रात्री रेग्युलेटर बंद करा. इलेक्ट्रिक कॉइलची शेगडी मात्र आणू नका. सबमीटर असा पळतो की भाडं परवडलं म्हणाल.

पहिला पावसाळा

जुलैच्या मध्यापासून शहरात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट? ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. विद्यापीठ उंचावर आहे, तिथे पाणी येत नाही, म्हणून नवी पोरं निर्धास्त असतात. त्यांच्या नळाला पाणी येत नाही तेव्हा त्यांना कळतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणी असताना शहर टँकरच्या मागे धावलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला की पुण्याकडून येणारं सगळं अडकतं. पेट्रोल, गॅस, भाजी.

म्हणून ४० फुटांची बातमी आली की झाकणाची दोन पिंपं किंवा जमतील तेवढे कॅन भरून ठेवा. थोडी रोख रक्कम, चार दिवसांचे पोहे-चुरमुरे-शेंगदाणे, मेणबत्त्या, पॉवर बँक. घरी जायचं असेल तर रस्ता चालू असतानाच निघा. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून थांबलेले आम्ही नऊ जण एका खोलीत पाच दिवस खिचडी खात बसलो होतो. कागदपत्रं, विशेषतः जात वैधता आणि मूळ गुणपत्रिका, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर.

एरवीच्या पावसात अडचण कपड्यांची. तीन दिवस वाळत नाहीत आणि वास धरतात. खोलीत आडवी दोरी बांधा, पंख्याखाली. जीन्स दोनच ठेवा, बाकी पातळ पँटी.

उरलेला दिवस

अभ्यासाला विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. परीक्षेच्या दिवसांत जागा धरायला सकाळीच जा. शहरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, तिथलं सभासदत्व घ्या. गल्लोगल्ली निघालेल्या अभ्यासिका वाईट नाहीत, पण फी भरण्यापूर्वी दुपारी दोनला आत बसून बघा, पंखे कसे फिरतात ते.

संध्याकाळी सगळे रंकाळ्यावर जातातच. त्यापेक्षा एकदा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ दूध तसंच हातात देतात. आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर. पेठांतल्या तालमींच्या संघांची ही लढत असते आणि बाहेरून आलेल्याला पंधरा मिनिटांत कुठल्या तरी बाजूने ओरडावंच लागतं. फक्त कुठल्या बाजूच्या गर्दीत बसलाय ते आधी बघून मग ओरडा. माझ्या तरी पहिल्या ओळखी वर्गात झाल्या नाहीत, तिथल्या पायऱ्यांवर झाल्या.

हॉस्टेलात किंवा कॉलेजात कुणी सीनियरपणाचा त्रास देत असेल, तर गप्प बसू नका. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते, आणि नाव न सांगताही तक्रार घेतात.

खोली सोडताना

महिनाभर आधी मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून कळवा, तोंडी नाही. शेवटच्या दिवशी खोली झाडून पुसून तिचा व्हिडिओ काढा, सबमीटरचा आकडा त्यात येऊ द्या, आणि अनामतीचा हिशेब किल्ली देण्याआधी बसून करा. माझ्या पहिल्या मालकांनी रंगाचे म्हणून दोन हजार कापले. करारात तसं काही नव्हतं, कारण करारच नव्हता.

गादी, बादल्या, पाण्याचं पिंप गावाकडे नेऊ नका, गाडीभाडं त्याहून जास्त होतं. ज्युनिअर पोरांना अर्ध्या किमतीत द्या. मामींचा खाड्यांचा हिशेब मिटवा, आणि खोली रिकामी होतेय हे त्यांच्या कानावर घाला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी पोरगं वडिलांना घेऊन दार वाजवतं. तेव्हा त्याला सकाळी सहाला परत यायला सांगा.